स्वगुणपरीक्षा : स्वभाव, नाती आणि कर्ज

पैसा हाताळण्याच्या पद्धतीवरून माणसाची प्रत ठरविण्याची सवय मराठी भाषेत खोलवर रुजली आहे. कवडीचुंबक, चिक्कू, उधळ्या, सढळ हाताचा ही नुसती विशेषणे नाहीत, ते निवाडे आहेत. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हा उपदेश आणि 'ऋण काढून सण' हा टोमणा त्याच निवाड्याच्या दोन बाजू. या साऱ्यामागे एक गृहीतक दडलेले आहे: आधी स्वभाव असतो, व्यवहार त्यातून निघतो, आणि नाती त्या व्यवहारानुसार जुळतात किंवा तुटतात. हे गृहीतक कितपत टिकते, याची कसोटी एका जुन्या मराठी ग्रंथातच लागलेली आहे. तो ग्रंथ म्हणजे 'दासबोध'.

माणसांचे नमुने मांडण्याचा वाङ्मयप्रकार जगात जुना आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने तीस स्वभावचित्रे लिहिली. त्यातल्या एका कृपणाच्या बायकोच्या हातून तांब्याचे नाणे पडते, तेव्हा तो घरातले सामानसुमान हलवून ते शोधत बसतो. मोलिएरने 1668 मध्ये असाच कृपण रंगभूमीवर उभा केला आणि पुढे आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक' या नाटकातून त्याला मराठी संसारात आणले. मोलिएरचे समकालीन असलेले समर्थ रामदास (1608-1681) हे आजच्या जालना जिल्ह्यातील जांबचे, म्हणजे मराठवाड्याचे. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूर्ख, पढतमूर्ख, विरक्त अशी लक्षणे मांडली आणि रज, तम व सत्त्व या तीन गुणांची ओळख करून दिली. तेथे धनधान्याचा साठा करणारा, द्रव्यात जीव अडकलेला कृपण रजोगुणाच्या यादीत बसतो.

इथवर सारे नीटनेटके आहे. पण लगेच पुढच्या, तिसऱ्या दशकात 'स्वगुणपरीक्षा' या नावाचे चार समास येतात आणि यादीची जागा कथा घेते. एका संसारी माणसाची ही कथा आहे. आईबाप संपन्न होते, त्यांच्या धनामुळे घराला मान होता. पुढे मुले वाढली, लक्ष्मी निघून गेली. बाहेर मात्र जुन्या वैभवाचा भ्रम तसाच राहिला. मुलेमुली लग्नाच्या वयाची झाली. लग्ने लांबली तर लोक हसणार, आणि आधीचे कर्ज तर फिटलेले नाही. तरीही व्याजाने पैसे काढून त्याने कार्ये उरकली. वडिलांचे नाव राखले, असे लोक म्हणाले. मग सावकारांनी वेढल्यावर तो परदेशी गेला, हलकी सेवा पत्करली, देहाचे हाल सोसले आणि चार पैसे जोडून परतला.

यानंतरचा प्रसंग मराठी वाङ्मयात विरळाच. घरची उपाशी माणसे त्याला पाहून हरखतात. बापाने अंगडी-टोपडी आणली म्हणून मुले नाचतात. हा आनंद चार दिवस टिकतो आणि मग कुजबुज सुरू होते. आणलेले आम्ही खाऊन संपवण्याआधी याने पुन्हा जावे आणि पुन्हा मिळवून आणावे!

हा माणूस कोणत्या गुणाचा म्हणायचा? कृपण म्हणावे तर त्याने लग्नात हात आखडला नाही. उधळ्या म्हणावे तर तो परमुलखात पोटाला चिमटा घेत राहिला. त्याच्या घरच्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या कुजबुजीत लोभापेक्षा पुन्हा उपाशी राहण्याची धास्ती अधिक आहे. रामदासांचा रोख वैराग्याकडे आहे, सावकारीच्या चिकित्सेकडे नाही, हे मान्यच. तरीही त्यांच्यातला निरीक्षक त्यांच्यातल्या वर्गीकरणकाराच्या पुढे जातो. कर्ज आणि लौकिक यांच्या कात्रीत एकच माणूस कधी दाता, कधी चाकर, कधी नुसता मिळवता हात होतो, आणि त्याच्याशी असलेली नातीही त्याच क्रमाने बदलतात.

हाच वाद दोन शतकांनी सरकारदरबारी पोहोचला. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धचे दंगे पेटले आणि कर्जखते जाळली गेली. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, ही त्या काळच्या अंमलदारांची आवडती उपपत्ती होती. पण दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा निष्कर्ष निराळा निघाला. लग्नाच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. तो कर्जात भर घालतो, परंतु कर्जाचे मूळ क्वचितच असतो. पुढे 1879 च्या कायद्याने न्यायालयांना कर्जखतावर न थांबता त्यामागच्या व्यवहाराचा इतिहास तपासण्याची मुभा दिली. रामदासांच्या कथेतही क्रम हाच आहे: आधी ओसरलेली संपत्ती आणि थकलेले कर्ज, नंतर लग्न.

मुखेडला त्या कायद्याचा आधार नव्हता. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे हाली रुपया चाले आणि इंग्रजी मुलखात कमावून आणलेला पैसा 'कलदार' म्हणून ओळखला जाई. राज्य गेले, नाणेही गेले. बाहेर जाऊन मिळवणे मात्र राहिले. मुखेड-कंधारच्या बालाघाटी डोंगराळ पट्ट्यातून, विशेषतः तांड्यांवरून, आजही दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला निघतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली 'उचल' जुनी देणी, दवाखाना, लग्न यांत जिरते आणि ती फेडण्यासाठी पट्टा पडेपर्यंत राबावे लागते. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. नात्याला अवजाराचे नाव मिळावे, यापेक्षा पैशाचा नात्यावरचा ठसा अधिक स्पष्ट कुठे दिसेल? गावात मागे उरलेल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने बाहेर गेलेला मुलगा माया असतो आणि मिळकतही. या दोहोंतली सीमारेषा त्यांनाही आखता येत नाही.

अशा वेळी 'यांना पैसा टिकवताच येत नाही' हे वाक्य सहज उच्चारले जाते. ते ऐकताना 'दासबोधा'च्या या दोन दशकांचा क्रम आठवावा. दुसऱ्या दशकाच्या आधारे माणसाला नाव ठेवणे सोपे आहे. पण तिसरे दशक वाचल्यावर त्या नावाआधी एक प्रश्न विचारावा लागतो: याच्या डोक्यावरचे पहिले कर्ज कोणते? वर्गात मूर्खलक्षणे शिकवताना स्वगुणपरीक्षेचे ते चार समास गाळू नयेत, ते यासाठीच.