मंचुरियन, कॅलिफोर्निया रोल आणि एक राहून गेलेली माफी

परवा रविवारी मुलीच्या हट्टापायी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या नव्या 'एशियन' हॉटेलात जेवायला गेलो. दहा-बारा टेबलं, कागदी कंदील, मेनूकार्डात मोमोपासून थाई करीपर्यंत सगळं. मुलीने सुशीतला कॅलिफोर्निया रोल मागवला, मी आपलं नेहमीचं मंचुरियन आणि फ्राइड राइस. शेजारच्या टेबलावरचे एक काका पोराला ऐकवत होते, "हे चिन्यांचं खाणं आपल्याला कशाला हवं?" आणि सांगता सांगता शेजवान चटणीची वाटी जवळ ओढत होते. हसू आलं. पण या दोन ताटल्यांच्या मागे जे घडलंय ते हसण्यासारखं नाही, म्हणून आज जरा लांब लिहितोय.

आधी मंचुरियन. मंचुरियाशी त्याचा नावापुरताच संबंध. ते आपल्या मुंबईचं. कोलकात्यात जन्मलेले, चिनी वंशाचे नेल्सन वाँग 1975 च्या सुमारास चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करायचे. गिऱ्हाइकाला मेनूबाहेरचं काहीतरी हवं होतं. वाँग यांनी लसूण, आलं, हिरवी मिरची असं आपल्याच फोडणीचं सामान घेतलं. गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवर लावून रस्सा दाट केला आणि त्यात चिकन सोडलं. झालं चिकन मंचुरियन! पुढे चिकनच्या जागी कोबी-गाजराचे गोळे आले आणि ते लग्नाच्या पंगतीपर्यंत पोचलं.

वाँग ज्या समाजातून आले तो भारतात काल-परवा आलेला नाही. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, टाँग अच्यू नावाच्या माणसाने कोलकात्याजवळ साखर कारखाना काढला, तिथपासूनची ही वस्ती. पुढे सुतार आले, चामडं कमावणारे आले, दातांचे डॉक्टर आले. आसामच्या चहामळ्यांत चिनी मजूर आले. माझगावात नवाब टँक रोडला या लोकांचं जुनं देऊळ आजही आहे.

20 ऑक्टोबर 1962 ला चीनने हल्ला केला. महिन्याभरात युद्धविराम झाला, पण इथल्या चिनी वंशाच्या लोकांचं युद्ध तेव्हा सुरू झालं. आसाम, दार्जिलिंग, कालिम्पाँग, शिलाँगमधून कुटुंबंच्या कुटुंबं उचलली गेली. बायका, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळीच. कित्येक दिवसांचा रेल्वेप्रवास करून त्यांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं. ब्रिटिशांनी जिथे आपले राजबंदी ठेवले होते, तीच ही देवळी! सुमारे तीन हजार माणसं खटल्याशिवाय तिथे डांबली गेली. त्यातली कितीतरी इथेच जन्मलेली, चीन कधीही न पाहिलेली. अनेकांना जहाजाने चीनला पाठवून दिलं. काही जण 1967 पर्यंत अडकून होते. सुटून घरी आले तर घर-दुकान दुसऱ्याचं झालेलं. मुंबईचे लेखक दिलीप डिसूझा आणि खुद्द त्या छावणीत जन्मलेल्या जॉय मा यांनी 'द देवलीवालाज' या पुस्तकात हे सगळं मांडलंय. जमलं तर जरूर वाचा.

आता मुलीची ताटली. कॅलिफोर्निया रोल टोकियोचा नाही. लॉस एंजेलिसच्या 'लिटल टोकियो' वस्तीत, साधारण 1960 च्या दशकात, ट्युना माशाच्या चरबीदार तुकड्याऐवजी अवोकाडो घालून तो झाला असं बहुतेक सांगतात. व्हँकुव्हरचे एक शेफही त्यावर हक्क सांगतात, ते असो.

पण त्याच लिटल टोकियोतली जपानी घरं 1942 मध्ये रिकामी झाली होती. पर्ल हार्बरनंतर 19 फेब्रुवारीला रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक. काहींना तर आधी रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं.

दोन पदार्थ, दोन देश, गोष्ट एकच. फरक पुढे आहे. अमेरिकेच्या सरकारने आयोग नेमला. याचं कारण सुरक्षा नव्हे, वंशद्वेष आणि युद्धज्वर होतं, असा निष्कर्ष त्या आयोगाने काढला. 1988 मध्ये रेगन यांच्या सहीने कायदा झाला: जाहीर माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर. 46 वर्षं लागली, पण माफी मागितली. आपल्याकडे साठ वर्षं उलटली तरी सरकारने माफीचा शब्द काढलेला नाही.

कोणी म्हणेल, युद्धाच्या वेळी सरकारला सावध राहावंच लागतं. मान्य. हेरगिरीचा संशय असेल त्याला पकडा, खटला चालवा. पण तान्ह्या पोरावर कसला संशय? नुसत्या चेहऱ्यावरून माणूस कोंडायचा, तर मग कायदा कशाला ठेवलाय?

आणि ही सवय गेलेली नाही. जून 2020 मध्ये गलवाननंतर आपल्याच राज्यातले केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणारी हॉटेलं बंद करा म्हणून सांगितलं. त्या हॉटेलांत राबणारी पोरं मिझोरमची, दार्जिलिंगची, नेपाळची आणि आपल्या मराठवाड्यातलीसुद्धा. बीजिंगचं यात काय जाणार होतं?

माझं मागणं फार नाही. देवळीतून आलेली, आज हयात असलेली माणसं वयस्कर आहेत. ती आहेत तोवर सरकारने एकदा चूक कबूल करावी. शाळेच्या पुस्तकात 1962 च्या धड्यात दोन ओळी याही असाव्यात.

बिल देताना आतून पाणी घेऊन आलेल्या पोराला मुलीने गाव विचारलं. "कालिम्पाँग," तो म्हणाला. ते काका तोवर हात धुऊन निघून गेले होते, नाहीतर तिथेच बसवून त्यांना हे सगळं सांगितलं असतं. आता इथे सांगतोय.