वाळवंटाखालचं पाणी: पाऊस कधीचा आणि उपसा कुणाचा



उन्हाळा लागला की एक व्हिडिओ हमखास फिरतो. पिवळ्या वाळूत हिरवीगार गोल गोल शेतं, विमानातून काढलेली, आणि खाली ओळ: "वाळवंटात गहू पिकतो, मग आपल्याकडे का नाही?" आज त्या गोलांखालच्या पाण्याचा इतिहास लिहितोय. जरा लांबण लागेल, पण बोअर घेतलेल्या आणि घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे.

पहिली गोष्ट, पाणी आहे. ते खोटं नाही. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांच्या पोटात वालुकाश्माचा एक अवाढव्य थर आहे. त्याला न्यूबियन वालुकाश्म म्हणतात. पसारा वीस लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या देशाच्या निम्म्याहून जास्त. त्यात साठलेलं पाणी अंदाजे दीड लाख घन किलोमीटर. आकडा डोक्यात शिरत नसेल तर असं बघा: आपली उजनी काठोकाठ भरली की ११७ टीएमसी, म्हणजे सव्वातीन घन किलोमीटरच्या आसपास. अशा पंचेचाळीस हजार उजन्या वाळूखाली आहेत.

आता दुसरी बाजू. या थराच्या बऱ्याच भागावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या खारगा, दाखला या मरूद्यानांत वर्षांमागून वर्षं मोजण्याइतका थेंब पडत नाही. मग एवढं पाणी मुरलं कधी?

तर सहारा कायम वाळवंट नव्हता. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ डुलतो. एक डोलणं पुरं व्हायला वीस हजारांवर वर्षं लागतात. त्यामुळे उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात कधी जास्त ऊन मिळतं, कधी कमी. जास्त मिळालं की जमीन जास्त तापते आणि मोसमी पाऊस आणखी उत्तरेला सरकतो. शेवटचा असा ओला काळ साधारण १४,५०० ते ५,५०० वर्षांपूर्वीचा. तेव्हा सहाऱ्यात गवताळ रानं होती, नद्या होत्या. चाड सरोवर साडेतीन लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरलं होतं, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं. अल्जीरियातल्या तासिली पठारावरच्या खडकांवर माणसांनी गुरांचे कळप रंगवलेत, पाणघोडेही रंगवलेत. आज तिथे उंटालाही चारा मिळायची मारामार.

मग पाऊस मागे हटला, तळी आटली, माणसं गुरं घेऊन दक्षिणेला आणि नाईल नदीकडे सरकली. याच आटण्याच्या काळात, आजपासून साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी, सहाऱ्याच्या दक्षिण कडेला माली भागात बाजरी माणसाळलेली दिसते. तीच बाजरी पुढे काही शतकांत भारतात पोचली. म्हणजे आपल्या ताटातली भाकरी ही त्या दुष्काळाचीच लेक आहे.

पण खालचं पाणी याहूनही जुनं निघालं. पाण्यात क्रिप्टॉन-८१ नावाचा किरणोत्सारी वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात विरघळलेला असतो. पाणी जमिनीत मुरलं की हवेशी संबंध तुटतो आणि वायू हळूहळू कमी होत जातो, सुमारे २ लाख ३० हजार वर्षांत निम्मा. उरलेला मोजला की पाणी कधी मुरलं ते कळतं. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातल्या विहिरींची ही मोजणी २००४ साली प्रसिद्ध झाली. वयं आली दोन लाखांपासून दहा लाख वर्षांपर्यंत! आपली मानवजातच मुळी तीनेक लाख वर्षांची. म्हणजे एकेका ओल्या युगाचा पाऊस एकावर एक जमा होत गेला आणि माणूस जन्मायच्या आधीपासून तिथे पडून राहिला. याला जीवाश्म पाणी म्हणतात. खनिज तेलासारखंच, काढलं की गेलं.

आता ते काढणाऱ्यांकडे येऊ.

खारग्याच्या दक्षिणेला ऐन मनावीर नावाची जागा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, इजिप्तवर इराणी राज्य असताना, तिथे जमिनीखालून पाण्याचे बोगदे खणले गेले. टेकडीच्या बाजूला पाणी लागेपर्यंत विहीर घ्यायची, तिथून शेताकडे अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा, आणि माती वर काढायला ठराविक अंतरावर उभी भोकं ठेवायची. मोट नको, बैल नको, पाणी आपल्या पायाने शेतात. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरात केलेली नहर-ए-अंबरी ही याच घराण्यातली. ऐन मनावीरला खापरांवर शाईने लिहिलेले करारही सापडलेत. त्यात पाण्याचे दिवस विकले-घेतले आहेत. अमक्याच्या वाट्याचे इतके दिवस तमक्याला. अडीच हजार वर्षांपूर्वीची पाणीपाळी आणि तिची लिखापढी!

लिबियाच्या फेझान भागात गारामांटी लोकांनी हेच तंत्र फार मोठ्या प्रमाणावर वापरलं. तिकडे या बोगद्यांना फोगारा म्हणतात. अभ्यासकांनी सहाशेच्या आसपास फोगारे नोंदवलेत, मिळून शेकडो किलोमीटर. हे लोक मिठाच्या जमिनीवर माती पसरून पेरतात, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय. त्यांच्या गावांच्या उत्खननात गहू, जव, खजूर, द्राक्षं मिळतात आणि वरच्या थरांत ज्वारी-बाजरीसुद्धा. जर्मा ही त्यांची राजधानी. पाऊस नसलेल्या प्रदेशात त्यांनी एक राज्य उभं केलं आणि ते हजारावर वर्षं टिकलं.

मग ते मोडलं कसं? रोमशी चालणारा व्यापार बसला, हे एक कारण. दुसरं कारण पाणी. इथे नीट लक्ष द्या. खालचं पाणी संपलं नव्हतं. ते आजही आहे. झालं एवढंच की पातळी बोगद्याच्या तोंडाखाली गेली. बोगदा थोडा खोल नेता येतो, पण फार खोल नेला तर पाणी शेताच्याही खाली निघणार. उताराचा हिशेब तिथे संपतो. पाणी पोटात तसंच राहिलं आणि वरची गावं पाण्यावाचून ओस पडत गेली.

विसाव्या शतकात पंप आला आणि ही अडचण गेली असं सगळ्यांना वाटलं. १९५० च्या दशकात लिबियात तेल शोधताना गोडं पाणी लागलं. १९८४ मध्ये गद्दाफीने महाकाय कृत्रिम नदीची पायाभरणी केली. माणूस उभा राहील एवढ्या, चार मीटर व्यासाच्या सिमेंटच्या पाइपांतून दक्षिणेचं पाणी १९९१ मध्ये बेंगाझीला आणि १९९६ मध्ये त्रिपोलीला पोचलं. शहरांची तहान भागली, हे मान्यच करायला हवं.

इजिप्तने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून खारगा-दाखल्यात खोल विहिरी पाडल्या. सुरुवातीला खालचा दाब इतका होता की भोक पाडलं की पाणी स्वतःहून वर उसळायचं. उपसा वाढला, दाब उतरला, उसळणं बंद पडलं, पंप बसवावे लागले.

सौदी अरेबियाने तर कमालच केली. तिथलं पाणी वेगळ्या थरांतलं, पण जात तीच, प्राचीन पावसाची. व्हिडिओतले गोल बहुतेक अशाच देशांतले असतात. मधल्या खांबाभोवती तुषारचा लांब पाइप फिरतो म्हणून शेत गोल. सरकारने जागतिक बाजाराच्या कितीतरी पट भाव दिला, मशीनला अनुदान दिलं. १९८४ मध्ये देश गव्हात स्वयंपूर्ण झाला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पीक ४० लाख टनांवर गेलं आणि वाळवंट गहू निर्यात करू लागलं. २००८ मध्ये त्याच सरकारने सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. २०१६ ला ती थांबली. दरम्यान अल-अफलाज भागातली लैला गावाजवळची नैसर्गिक तळी कोरडी पडली होती. त्या प्रदेशाचं नावच मुळी भुयारी पाटांवरून पडलेलं.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. जमिनीखालचं पाणी कुणाच्याच डोळ्यादेखत "संपत" नाही. आधी झरा जातो, मग उथळ विहीर, मग उसळणारं बोअर, मग छोट्या शेतकऱ्याचा पंप. शेवटी ज्याच्याकडे सर्वांत लांब पाइप आणि सर्वांत मोठी मोटर, त्याच्याच हाती ते उरतं. दीड लाख घन किलोमीटरचा आकडा तसाच राहतो, फक्त माणसाच्या हाताबाहेर जातो.

आपल्याकडे? महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग काळ्या पाषाणाचा. त्याला वालुकाश्मासारखं पोट नाही. पाणी वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहतं. म्हणून आपल्याकडे सहाऱ्याएवढी ठेव कधीच नव्हती. पण आपल्याला एक मिळतं, जे त्यांना मिळत नाही: दरवर्षीचा पावसाळा. तो आहे म्हणून वरची विहीर पुन्हा भरते. हजार फुटांवर मात्र हिशेब वेगळा. तिथल्या बारीक भेगांत पाणी पोचायला किती वर्षं लागली हे मोटर सुरू करताना कुणी विचारत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल असेल ती "खोल विहीर" असं वेगळं धरलंय, ते उगीच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तो व्हिडिओ आला की विचारा, पाऊस कधीचा आहे?

आणि एक काम. दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. मे अखेरीला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा विहिरीची पातळी मोजा, तारखेसकट वहीत लिहा. ज्यांच्याकडे पाच-दहा वर्षांच्या अशा नोंदी आधीच असतील त्यांनी गाव आणि विहिरीची खोली घालून खाली टाका. सगळ्या एकत्र मांडून पुढची नोंद त्यावरच लिहीन.