ओव्याचे फूल आणि थायमॉल : एक ऐतिहासिक टिपण

वनस्पतीजन्य सुगंधी तेलांच्या जंतुरोधक गुणांविषयीच्या आजच्या संशोधनामागे मोठा इतिहास आहे. इ. स. १७१९ मध्ये कास्पर नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने थाइम या वनस्पतीच्या तेलातून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. त्यालाच पुढे थायमॉल हे नाव मिळाले. पुणे व दख्खनच्या बाजारात 'अजवाइन का फूल', म्हणजे ओव्याचे फूल, या नावाने विकले जाणारे स्फटिक थायमॉलच होत, हे स्टेनहाउस (१८५५) व हेन्स (१८५६) यांनी सिद्ध केले. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीस जाई आणि थायमॉल तेथे तयार होई. १९१४ मध्ये हा व्यापार खंडित झाला. कच्चा माल आपला, ऊर्ध्वपातन परक्यांचे, असे त्याचे स्वरूप होते.

थायमॉल जीवाणूंच्या पेशीपटलास इजा करते, तसेच पृष्ठभागास चिकटणाऱ्या त्यांच्या थरास, म्हणजे बायोफिल्मला, अटकाव करते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. तथापि ओव्याचा घरगुती वापर प्रामुख्याने पोटदुखीवर होता. त्यामागे जंतूंची कल्पना नव्हती. म्हणून परंपरेस संशोधनाची प्रेरणा मानावे, पुरावा मानू नये.