भीतीची मजुरी : दोन चित्रपट आणि एक सही



इतिहासावर बोला अशी चालकांची आज्ञा झाली आणि आम्ही दोन चित्रपट निवडले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. बखरींपेक्षा करारनामेच आम्ही अधिक वाचले. परंतु धोक्याच्या कामाची किंमत कशी ठरत गेली हाही इतिहासच आहे, आणि तो या दोन चित्रपटांत विलक्षण उघडा दिसतो.

पहिला चित्रपट फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा, 1953 सालचा. त्याच्या नावाचा अर्थच 'भीतीची मजुरी'. जॉर्ज आर्नो यांच्या 1950 च्या कादंबरीवर तो आधारला आहे. कान आणि बर्लिन या दोन्ही महोत्सवांत त्याच वर्षी त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दुसरा 'सॉर्सरर', अमेरिकन दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांचा, 1977 सालचा. तोही त्याच कादंबरीवरचा, आणि क्लूझोंनाच अर्पण केलेला. लागोपाठच्या दोन रविवारी कचेरीतल्या पडद्यावर तबकड्या लावून आम्ही दहा-बारा जणांनी ते पाहिले.

कथा साधी आहे. लॅटिन अमेरिकेतल्या एका भणंग गावात परदेशांतून आलेली माणसे अडकून पडली आहेत. दूरवर तेलाच्या विहिरीला आग लागते. अशी आग पाण्याला दाद देत नाही. विहिरीच्या तोंडाशी स्फोट घडवून ज्वाळेचा इंधनाशी संबंध क्षणभर तोडावा लागतो. त्यासाठी दोन मालमोटारींतून स्फोटक न्यायचे आणि चार माणसांनी त्या हाकायच्या. स्फोटक म्हणजे नायट्रोग्लिसरीन. 1847 साली सोब्रेरो या इटालियन रसायनज्ञाने ते शोधले. साध्या धक्क्यानेही ते उडते, म्हणून पुढे नोबेलने ते मातीत मुरवून डायनामाइट केले आणि 1867 साली त्याचे पेटंट घेतले.

क्लूझोंच्या चित्रपटात हे द्रव डब्यांतून जाते. फ्रीडकिन यांनी मात्र जुन्या डायनामाइटच्या पेट्या दाखविल्या आहेत. त्या वर्षानुवर्षे तशाच पडून राहिल्यामुळे नायट्रोग्लिसरीन पाझरून तळाशी साचले आहे. म्हणजे हा धोका दैवाने आणलेला नव्हे. तो कोठाराची निगा न राखल्याने निर्माण झाला आहे. कारखाना पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटते. या एका गोष्टीत नवा चित्रपट जुन्यापेक्षा सरस आहे.

परंतु माणसे कोणती निवडली, या प्रश्नावर जुना चित्रपट फार पुढे जातो. मालमोटारी निघेपर्यंत क्लूझो जवळजवळ तासभर आपल्याला गावातच बसवून ठेवतात. तेथे काम नाही आणि बाहेर पडायला भाडे नाही. कंपनीचा व्यवस्थापक ओब्रायन स्वच्छ सांगतो की, या भटक्यांना ना युनियन, ना कुटुंब. ते मेले तर भरपाई मागायला कोणी येणार नाही. दर माणशी 2000 डॉलर. लुइजी नावाच्या मजुराच्या फुप्फुसांत सिमेंट भरले आहे. एका कामाने मरायला टेकलेला हा माणूस दुसऱ्या मरणाच्या कामाला उभा राहतो.

फ्रीडकिन यांनी या तासाच्या जागी चौघांचा पूर्वेतिहास घातला. वेराक्रूझ, जेरुसलेम, पॅरिस आणि न्यू जर्सी. एक मारेकरी, एक बाँब ठेवणारा, एक आर्थिक अफरातफरीत सापडलेला, एक दरोडेखोर. चित्रण उत्तम आहे. पण पाहणारा मनात म्हणतो, करावे तसे भरावे. दोष कंपनीवरून उतरून ड्रायव्हरच्या माथी बसतो. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की, जळालेली प्रेते गावात येताच उसळणारा लोकांचा संताप याच चित्रपटात अंगावर येतो.

दोन्ही चित्रपटांना कात्री लागली. क्लूझोंचा चित्रपट 1955 साली अमेरिकेत आला तेव्हा तेल कंपनीला झोंबणारी दृश्ये गाळली गेली. फ्रीडकिन यांचा चित्रपट अमेरिकेबाहेर वितरकांनी त्यांच्या संमतीवाचून बराच छाटला. मायदेशी तो 'स्टार वॉर्स'पाठोपाठ महिनाभरात आला आणि कोसळला. पुढे मालकी कोणाची याचाच गुंता झाला. 2012 साली फ्रीडकिन यांना दोन बड्या स्टुडिओंविरुद्ध कोर्टात जावे लागले. 2013 साली दुरुस्त प्रत व्हेनिसला दाखविली गेली, 2014 साली तबकडी निघाली. चित्रगृहांत जे कापले गेले, ते घरच्या पडद्यावर परत आले.

आता स्वतःचे सांगितले पाहिजे. 1998 साली एका रासायनिक कारखान्यात आम्ही धोका-भत्त्याचा करार केला. कामगारांची मूळ मागणी गळका पंप बदलण्याची होती. मालक म्हणाले, पंप पुढल्या वर्षी पाहू, भत्ता आज घ्या. आम्ही सही केली. आम्हांला हार घालण्यात आले. सात महिन्यांनी त्याच पंपावर आम्ल उडून एका कामगाराचा डोळा गेला.

त्या रविवारी तो आमच्या शेजारी बसला होता. ओब्रायनचे बोलणे झाल्यावर तो हळूच म्हणाला, "भाऊ, ह्यांना युनियन नव्हती. मला होती."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. क्लूझोंचा मारिओ पैसे खिशात घालून परतताना दरीत कोसळतो. फ्रीडकिन यांच्या नायकाच्या हाती पैसे येतात तोच दारात मारेकरी उतरतात. वाटा वेगळ्या, हिशेब एकच. तेव्हापासून कोणत्याही करारात आम्ही भत्त्याचे कलम शेवटी वाचतो. आधी विचारतो, पंप केव्हा बदलणार? ही तारीख कागदावर आल्यावाचून आम्ही सही करीत नाही.