पोकळ टेकडीवरचे सेंट एमिलियन

फ्रान्सच्या नैऋत्येस, बोर्डो शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर, दोर्दोन नदीच्या उत्तरेला चुनखडीच्या एका टेकडीवर सेंट एमिलियन हे गाव वसले आहे. (स्थानिकांच्या तोंडी त्याचा उच्चार ‘सँतेमिलियों’ असा काहीसा ऐकू येतो.) वस्ती दोन हजारांहूनही कमी; वर्षाकाठी येणारे पर्यटक मात्र दहा लाखांच्या घरात असल्याचे मानले जाते. त्यांपैकी बरेचसे बोर्डोहून सकाळी येतात, उतरत्या फरसबंद गल्ल्यांतून फिरतात, एखाद्या दुकानात चार घोट लाल वाइन चाखतात, बाटली घेतात आणि दुपारी परततात. गाव पाहून झाले, असे त्यांना वाटते. वस्तुतः या गावाचा मोठा भाग जमिनीखाली आहे आणि उरलेल्यातला बराचसा तटबंदीबाहेर, द्राक्षमळ्यांत. दुकानांच्या रस्त्यावर दिवस घालवणाऱ्याला या दोहोंचाही पत्ता लागत नाही.

ही टेकडी अक्षरशः पोकळ आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीत तारामाशांचे अवशेष सापडतात, म्हणून फ्रेंच भूशास्त्रज्ञांनी या दगडाला तारामाशाचेच नाव दिले. मऊ, फिकट पिवळसर आणि करवतीने कापता येणारा हा दगड शतकानुशतके खणून काढण्यात आला. गावातली घरे, चर्चे आणि तट त्यानेच बांधले गेले आणि बोर्डोतील इमारतींसाठीही तो नेण्यात आला. दगड गेला, मागे भुयारांचे जाळे उरले. त्यांतील कित्येक आज वाइनची तळघरे आहेत. थंडावा आणि ओलसरपणा वर्षभर जवळपास सारखाच राहत असल्याने त्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

खडकातले चर्च

गावाच्या मधल्या चौकात झाडाखाली कॅफेच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या खुर्च्यांच्या समोरचा कडा म्हणजे चर्च आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. बाराव्या शतकात हे चर्च एकाच खडकात आतून कोरून काढण्यात आले. लांबी ३८ मीटर, उंची सुमारे १२ मीटर. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही. फरक इतकाच, की कैलास बाहेरूनही कोरून मोकळे केलेले आहे, तर येथे चर्च खडकाच्या पोटातच राहिले आणि बाहेर दिसतात ती केवळ दार व खिडक्या.

चर्चच्या माथ्यावर नंतरच्या शतकांत घंटाघराचा मनोरा चढवण्यात आला. चौकापासून मोजल्यास त्याचे टोक ६८ मीटरवर जाते. सुमारे साडेचार हजार टनांचा हा भार खालच्या कोरीव खांबांवर उभा आहे. चुनखडीने पाणी शोषले की तिची ताकद घटते. खांब कमजोर होत असल्याचे ध्यानात आल्यावर त्यांना पोलादी आधार देण्यात आले. प्रार्थनामंदिराच्या मधोमध उभे असलेले ते लोखंड डोळ्यांना खुपते खरे, पण या गावाची नेमकी अडचण त्याच्याइतकी स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही. पोखरलेल्या जमिनीवर पाऊस, वाहने आणि माणसे या सर्वांचे ओझे आहे.

चर्चमध्ये एकट्याने जाता येत नाही. पर्यटन कार्यालयाच्या मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो. याच फेरीत भूमिगत दफनस्थळ आणि ज्याच्या नावावरून गाव ओळखले जाते त्या एमिलियनची गुहा दाखवली जाते. आठव्या शतकात ब्रिटनी प्रांतातील व्हान येथून आलेला हा संन्यासी इ.स. ७६७ मध्ये निवर्तला, असे परंपरा सांगते. तो एका सरदाराच्या पदरी होता आणि गरिबांसाठी अंगरख्याखाली पाव लपवून नेत असे. एकदा पकडला गेला तेव्हा अंगरख्यातून पावाऐवजी लाकडे निघाली, ही त्याची आख्यायिका. गुहेतील दगडी आसनावर बसून मागितल्यास संतती लाभते अशीही समजूत आहे. अशा कथा आपल्याकडच्या संतचरित्रांच्या वाचकाला परक्या वाटू नयेत.

विहिरीतले लोकप्रतिनिधी

गावाच्या मुख्य रस्त्याला गादे याचे नाव आहे. बहुतेक पर्यटक पाटी वाचून पुढे जातात. मार्गरीत-एली गादे हा याच गावचा वकील. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तो संसदेत जिरोंदिन या मवाळ गटाचा पुढारी होता. १७९३ मध्ये जहाल जाकोबिनांनी या गटाला संसदेतून हुसकावले, तेव्हा गादे आणि त्याचे काही सहकारी जीव वाचवण्यासाठी येथवर आले. त्यांना आसरा दिला तो गादेच्या नात्यातील मादाम बुके यांनी. घराच्या विहिरीतून उघडणाऱ्या भुयारात हे माजी लोकप्रतिनिधी लपून राहिले. पुरुषांची नावे धडधाकट इतिहासात नोंदली गेली. पण खायला अन्न कमी, शोधपथके दारात आणि तोंडातून शब्द निघाला तर सगळ्यांचा शिरच्छेद, या स्थितीत आठवडेच्या आठवडे घर चालवणारी ती स्त्री अधिक लक्षात राहावी अशी आहे.

हा आसरा टिकला नाही. जून १७९४ मध्ये गादे आणि त्याचा सहकारी साल हे गादेच्या वडिलांच्या घरात सापडले आणि बोर्डो येथे गिलोटिनखाली गेले. आसरा देणाऱ्या बुके दांपत्यालाही जुलैत तोच शेवट मिळाला. पेतियों आणि ब्युझो या दोघांचे मृतदेह शेतात सापडले. जाकोबिनांचा नेता रोबेस्पिएर स्वतः त्याच २८ जुलैला गिलोटिनवर गेला. काही आठवडे निभावले असते तर यांतील काही जण वाचले असते.

मळ्यांच्या वाटेने

गावाच्या पूर्वेस ब्रुने वेस आहे. मूळच्या वेशींपैकी शाबूत राहिलेल्यांत तिचा समावेश होतो. तिच्याखालून बाहेर पडले की एका पावलात गाव संपते आणि द्राक्षवेली सुरू होतात. येथून पायी निघणे हा या परिसराचा खरा आनंद. युनेस्कोने १९९९ मध्ये या मुलखाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती केवळ चर्च आणि तटांसाठी नव्हे, तर गावांसह आठ कम्यूनच्या ७,८४७ हेक्टर भूदृश्यासाठी. पिकत्या द्राक्षमळ्यांचा प्रदेश या नात्याने असा मान मिळणारे हे पहिलेच ठिकाण.

चालताना पायाखालची माती बदलते आणि तिच्याबरोबर बाटलीची किंमतही. पठारावर थोड्याच खोलीवर चुनखडी लागते, उतारावर चिकणमाती मिसळते, दोर्दोनकडच्या सपाटीवर वाळू येते. मुख्य जात मेर्लो. तिच्या जोडीला कॅबर्ने फ्रांक. वायव्येकडील रेताड-खडकाळ पट्ट्यात शव्हाल ब्लाँ आणि फिजाक हे नामांकित मळे आहेत. सायकलने दोन तासांत हे सारे ओलांडता येते. गावात सायकली भाड्याने मिळतात. चढ फार नाहीत. पण रस्ते अरुंद आहेत आणि सप्टेंबरात ट्रॅक्टर पुष्कळ असतात. वेलीवरचे घोस तोडू नयेत, हे वेगळे सांगायला हवे.

उत्तरेकडे मोंताञ्य गावाच्या हद्दीत कालोंच्या टेकडीवर जुन्या पवनचक्क्या आहेत. तेथून सगळा मुलूख एका नजरेत येतो. परतताना गावाबाहेर मळ्यात एकटीच उभी असलेली उंच कमानदार भिंत दिसते. शंभर वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या डॉमिनिकन मठाचे ते अवशेष.

शातो म्हणजे मळा आणि त्याची वाइनशाळा. येथे आधी वेळ ठरवून जावे लागते. रविवारी अनेक ठिकाणी बंद असते, तर तोडणीच्या हंगामात, म्हणजे सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस, मालकांना पाहुण्यांसाठी उसंत नसते. चाखलेली वाइन समोरच्या भांड्यात थुंकणे असभ्य समजले जात नाही. उलट, चार ठिकाणे करायची असतील तर तेच शहाणपणाचे. वाहनचालकाला रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅमहून अधिक मद्य चालत नाही.

दर्जाची यादी हा येथील नित्याचा वाद. १९५५ पासून साधारण दर दहा वर्षांनी मळ्यांची श्रेणी ठरते. २००६ ची यादी न्यायालयात अडकली आणि रद्द झाली. २०२२ च्या यादीत ८५ नावे आली, पण शव्हाल ब्लाँ, ओझोन आणि आंझेल्यु या तीन मोठ्या मळ्यांनी त्यापूर्वीच माघार घेतली होती. फिजाक आणि पाव्ही यांना सर्वोच्च श्रेणी मिळाली. दुकानदाराने ‘यादीतली आहे’ असे सांगितले, तर तेवढ्यावरून भुलू नये.

नदी आणि रणभूमी

सेंट एमिलियनपासून पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर कास्तियों-ला-बातायी आहे. १७ जुलै १४५३ रोजी येथे फ्रेंच तोफांपुढे इंग्रज सेना कोसळली, सेनापती जॉन टॅल्बट मारला गेला आणि शंभर वर्षांचे युद्ध संपले. उन्हाळ्यात शेकडो गावकरी मिळून हा प्रसंग रात्री उघड्या मैदानावर उभा करतात. आणखी पुढे निबंधकार मोंतेन याचा मनोरा आहे. त्याच्या ग्रंथालयाच्या तुळयांवर ग्रीक आणि लॅटिन वचने कोरलेली असून १८८५ च्या आगीत वाडा जळाला तरी मनोरा वाचला.

पश्चिमेला लिबूर्नच्या पुढे व्हेर गावाजवळ दोर्दोन नदीत मोठ्या भरतीच्या दिवशी समुद्राकडून उलटी लाट चढते. तिला मास्करे म्हणतात. ऐन शरदात स्थानिक तरुण फळ्या घेऊन ती लाट पकडायला बसलेले असतात. काठावरून पाहायलाही मजा येते. याच लिबूर्नमध्ये फ्रेंच टपाल खात्याचे ‘नाताळबाबांचे कार्यालय’ आहे. मुलांच्या पत्रांना तेथून उत्तरे जातात.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी गावात असाल, तर ‘राजाच्या बुरुजा’कडे लक्ष ठेवा. लाल झगे घातलेले ज्युराद मंडळाचे सदस्य बुरुजावरून द्राक्षतोडणीची घोषणा करतात. इंग्लंडचा राजा जॉन याने ११९९ मध्ये या मंडळाला सनद दिली होती. क्रांतीनंतर ते बंद पडले आणि १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले.

कसे जाल?

पॅरिसहून बोर्डोला जलद रेल्वेने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. बोर्डोच्या सँ-झाँ स्थानकावरून सेंट एमिलियनला स्थानिक गाडी सुमारे ३५ मिनिटांत पोहोचवते. गाड्या विरळ आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. स्थानकापासून गाव दीड-दोन किलोमीटरवर असून वाट मळ्यांतून जाते. मे-जून आणि सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य, तर जानेवारीत बरीच दुकाने बंद. फरसबंदी गुळगुळीत आणि उताराची आहे, म्हणून पकड असलेले बूट घालावेत. व्हीलचेअर अथवा बाबागाडीला गावाचा वरचा भागच सोयीचा. शाकाहाऱ्यांना बदकाच्या पदार्थांनी भरलेल्या खाद्ययादीत फारसे काही सापडत नाही. चीज, पाव, अक्रोड आणि सॅलडवर भागवावे लागते. उर्सुलिन जोगिणींनी १६२० पासून बनवलेले बदाम-साखरेचे माकारों अवश्य घ्यावेत. पॅरिसच्या रंगीत, भरलेल्या माकारोंशी त्यांचे नावापलीकडे साम्य नाही. मात्र त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो.