इंग्रजी षष्ठी आणि मराठी मूल

'त्याची आई' याचे भाषांतर मराठी मूल 'हर मदर' असे करते, तेव्हा त्यास अज्ञान म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. मराठी षष्ठी मालकीच्या वस्तूचे लिंग घेते, तर इंग्रजी सर्वनाम मालकाचे. मूल स्वभाषेचा नियमच पाळत असते.

षष्ठीविषयी खुद्द इंग्रजांचाही घोळ होता. जुन्या इंग्रजीतील 'एस' हा प्रत्यय झिजून नुसता 'स' उरला. सोळाव्या-सतराव्या शतकांत कित्येकांनी तो 'हिज'चा संक्षेप मानला. १६०५ साली छापलेल्या बेन जॉन्सनच्या नाटकाचे नाव 'सिजेनस हिज फॉल' असेच होते. नामापुढील अपॉस्ट्रॉफी अठराव्या शतकात रुळली.

म्हणून लाल शाईआधी आपण 'त्याची आई, त्याचे वडील' ही जोडी मांडावी: मराठीत प्रत्यय बदलतो, इंग्रजीत 'हिज' अढळ राहतो.