यादीबाहेरची कॉलेजे

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमासाठी २०२३ साली सुमारे ५७ हजार अर्ज आले आणि त्यांतील दोन हजारांहूनही कमी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. शंभरातले साडेतीन म्हणा. आपल्या धर्मग्रामांतील एखाददुसरे मूलही आता तिकडच्या विद्यापीठांकडे अर्ज करते आणि मग घरात चर्चा सुरू होते: गुण किती लागतील, निबंधात काय लिहावे, खेळाच्या प्रमाणपत्राचा उपयोग होईल का, कोणा ओळखीच्या व्यक्तीचे शिफारसपत्र आणावे? ह्या प्रश्नांची उत्तरे देणारे सल्लागार पुष्कळ आहेत. परंतु गुणपत्रिकेच्या जोडीला ह्या इतर गोष्टी प्रवेशाच्या अर्जात मुळात शिरल्या कशा, ह्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो इतिहास फारसा शोभादायक नाही. त्यात आपल्या कॅथोलिकांचेही एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणात आपण सर्वस्वी निर्दोष आहोत असेही नाही.

एकोणिसाव्या शतकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ह्या संस्थांत आजच्या अर्थाने निवड होतच नसे. प्रत्येक कॉलेज स्वतःची प्रवेशपरीक्षा घेई. लॅटिन, ग्रीक आणि गणित हे तिचे मुख्य विषय. उत्तीर्ण झाला तो आत आला; एखाद्या विषयात कमी पडला तरी तो विषय पुढे पूर्ण करण्याच्या अटीवर त्याला घेत असत. जागांची टंचाई नव्हती, टंचाई होती ती विद्यार्थ्यांची. मात्र ही उदारता वरवरची होती. सरकारी शाळांतून ग्रीक फारसे शिकवले जात नसे. ते शिकवीत श्रीमंतांच्या खाजगी निवासी शाळा. तेव्हा मुलाचे भवितव्य परीक्षेच्या दिवशी नव्हे, तर बाप त्याला कोणत्या शाळेत घालतो त्या दिवशीच बहुधा ठरून जाई. १९०० साली काही कॉलेजांनी मिळून परीक्षा मंडळ स्थापन केले आणि १९०१ च्या जूनमध्ये पहिली सामाईक परीक्षा घेतली, तेव्हा तिला बसलेले विद्यार्थी होते अवघे ९७३.

ह्या मंडळींच्या जगाबाहेर, पण त्यांच्या अगदी दाराशी, आयरिश कॅथोलिक निर्वासितांची वस्ती वाढत होती. बटाट्याच्या दुष्काळाने देशोधडीला लागलेली ही माणसे बोस्टनमध्ये गोदीत, बांधकामावर आणि श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत राबत. त्यांच्या मुलांसाठी येशूसंघीय फादरांनी कॉलेजे काढली. वुस्टरचे होली क्रॉस १८४३ साली सुरू झाले, बोस्टन कॉलेज १८६३ साली. होली क्रॉसला मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने सनद नाकारली आणि ती मिळायला १८६५ साल उजाडले. तोवर त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना पदव्या दिल्या जात त्या शेकडो मैलांवरील जॉर्जटाउनच्या येशूसंघीय कॉलेजच्या नावाने. ह्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १८३४ साली जमावाने चार्ल्सटाउन येथील अर्सुलाइन भगिनींचा मठ जाळला होता, हे लक्षात घेतले म्हणजे सनदेच्या विलंबाचे नवल वाटत नाही.

१८६९ साली चार्ल्स विल्यम एलियट हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक हार्वर्डचा अध्यक्ष झाला. (योगायोग असा की, त्याच वर्षी येशूसंघीयांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले.) एलियट चाळीस वर्षे त्या पदावर राहिला आणि त्याने एका जुन्या कॉलेजचे आधुनिक विद्यापीठ केले. विद्यार्थ्याने आपले विषय आपणच निवडावेत हा त्याचा मूलमंत्र. उलट येशूसंघीयांची शिक्षणपद्धती १५९९ साली निश्चित झालेल्या अभ्यासक्रमावर उभी होती: आधी भाषा, मग साहित्य, मग वक्तृत्व, शेवटी तत्त्वज्ञान, पायरी चुकवायची नाही. एकाच गावात ह्या दोन पद्धती समोरासमोर आल्या. खटका उडणारच होता.

तो उडाला १८९३ साली. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाने एक यादी प्रसिद्ध केली. यादीतील कॉलेजांच्या पदवीधरांना परीक्षेविना प्रवेश, इतरांना मात्र परीक्षा. त्या यादीत एकही कॅथोलिक कॉलेज नव्हते. जॉर्जटाउनचे अध्यक्ष फादर हॅव्हन्स रिचर्ड्स ह्यांनी एलियटला सविस्तर पत्र लिहून आपल्या अभ्यासक्रमाची माहिती दिली आणि त्यानंतर जॉर्जटाउन, होली क्रॉस व बोस्टन कॉलेज ही नावे यादीत आली. परंतु काही वर्षांतच होली क्रॉस आणि बोस्टन कॉलेज पुन्हा वगळली गेली. राहिले ते एकटे जॉर्जटाउन. त्या कॉलेजांतून आलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी समाधानकारक नाही, असे कारण देण्यात आले. ज्या कॉलेजातून हार्वर्डपर्यंत ट्रामने जाता येत होते, त्याच कॉलेजच्या पदवीची हार्वर्डच्या दारात किंमत राहिली नाही. आयरिश मजुराच्या घरातून वकील होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने ही केवळ मानापमानाची बाब नव्हती.

१८९९ च्या ऑक्टोबरमध्ये एलियटने 'अटलांटिक मंथली' ह्या प्रतिष्ठित मासिकात माध्यमिक शिक्षणावर लेख लिहिला आणि ओघात येशूसंघीय कॉलेजांची तुलना कुराणावर आधारलेल्या इस्लामी शिक्षणाशी केली. चारशे वर्षे ह्यांचा अभ्यासक्रम जवळजवळ जसाच्या तसा राहिला आहे, असा त्याचा आरोप. वास्तविक येशूसंघाचीच स्थापना १५४० ची. चारशे वर्षांचा हिशेब कोठून आणला कोण जाणे. बोस्टन कॉलेजचे माजी अध्यक्ष फादर टिमथी ब्रॉस्नहन ह्यांनी त्याला उत्तर लिहिले. 'अटलांटिक'ने ते छापण्यास नकार दिला. तेव्हा ते १९०० साली 'सेक्रेड हार्ट रिव्ह्यू' ह्या कॅथोलिक साप्ताहिकात आणि पुढे पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. उत्तर तर्कशुद्ध होते, खोचकही होते. वादविवाद म्हणून पाहिले तर फादर ब्रॉस्नहनांची सरशी झाली, असे माझे मत आहे. विषयनिवडीच्या अनिर्बंध स्वातंत्र्यातून शिक्षणाची वीण सुटते हा त्यांचा मुद्दा पुढे खुद्द हार्वर्डने मान्य केल्यासारखाच होता. एलियटच्या मागून आलेल्या अध्यक्षाने त्या स्वातंत्र्याला आवर घातला.

तरीही यादी बदलली नाही. आणि येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. येशूसंघीय कॉलेजांत शाळा आणि कॉलेज मिळून सात वर्षांचा एकच सलग अभ्यासक्रम असे. शालेय वयाची मुले आणि पदवीचे विद्यार्थी एकाच छपराखाली. कॉलेजचे वर्ग लहान, प्रयोगशाळा तुटपुंज्या, पैसा कमी. एलियटचा पूर्वग्रह खरा, पण त्याच्या तक्रारीत तथ्याचा अंशही होता. पुढील दोन-तीन दशकांत अमेरिकेतील येशूसंघीयांनी शाळा व कॉलेज वेगळी केली, वर्षांची रचना इतरांसारखी केली, ती ह्या धक्क्यानंतरच. आणि १९५५ साली मोन्सिन्योर जॉन ट्रेसी एलिस ह्या इतिहासकार धर्मगुरूंनी अमेरिकन कॅथोलिकांनाच खडसावले की, विद्वत्तेच्या क्षेत्रातील आपल्या मागासलेपणाचे खापर सर्वस्वी दुसऱ्यांच्या द्वेषावर फोडता येणार नाही. त्यांचे ते भाषण तिकडे बरेच गाजले. काहींना ते झोंबलेही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निबंध, मुलाखत, व्यक्तिमत्त्व ह्यांचा शिरकाव कधी झाला? हे कॅथोलिकांमुळे नव्हे, तर ज्यू विद्यार्थ्यांमुळे घडले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले सरकारी शाळांत शिकून प्रवेशपरीक्षेत भराभर उत्तीर्ण होऊ लागली. १९२२ साली हार्वर्डच्या नव्या वर्गात त्यांचे प्रमाण शेकडा २१ च्या वर गेले. अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल ह्याने सरळ मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. तो परदेशी आगमनावर निर्बंध मागणाऱ्या संघटनेचा उपाध्यक्षही होता. उघड मर्यादेच्या कल्पनेने गदारोळ झाला आणि १९२३ साली समितीने ती फेटाळली. मग तेच काम आडवाटेने झाले. अर्जात वंश, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थान हे रकाने आले. जन्मानंतर आपले किंवा वडिलांचे नाव बदलले आहे काय, असाही एक प्रश्न होता. १९२६ साली नव्या वर्गाची संख्या एक हजारावर बांधली गेली आणि निवडीत 'चारित्र्य' व व्यक्तिमत्त्व ह्यांना वजन देण्याचे ठरले. छायाचित्र मागितले जाऊ लागले. आदल्या वर्षी चौथ्या हिश्श्याहून अधिक असलेले ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण लवकरच शेकडा १५ च्या आसपास आले. कोणताही नियम ज्यूंचे नाव घेत नव्हता.

चारित्र्य हा शब्द आपल्या कॅथोलिक शाळांना किती प्रिय! मुलाच्या घडणीत त्याचे स्थान कोणी नाकारणार नाही. परंतु ते मोजण्याचा अधिकार बंद दाराआड बसलेल्या समितीला दिला की, तिच्या मनात आधीच जो 'आपला' असतो त्याच्यातच ते तिला सापडते.

ह्याच १९२६ सालच्या जूनमध्ये सुमारे आठ हजार मुलांनी एक नवी परीक्षा दिली. पुढे 'सॅट' म्हणून जगभर प्रसिद्ध झाली ती हीच. ती रचणारा प्रिन्स्टनचा मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम ह्याने तीनच वर्षांपूर्वी बुद्धिमापनाच्या आधारे उत्तर युरोपीय वंशांना श्रेष्ठ ठरवणारे पुस्तक लिहिले होते. १९३० साली त्याने ते निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले, हे त्याच्या नावे जमा धरले पाहिजे. १९३३ साली हार्वर्डचा अध्यक्ष झालेल्या जेम्स ब्रायंट कोनंटला मात्र ह्या परीक्षेत वेगळीच शक्यता दिसली. दूरच्या राज्यांतील हुशार पण गरीब मुले शोधण्यासाठी त्याने शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यांच्या निवडीसाठी हीच परीक्षा वापरली. वंशश्रेष्ठतेच्या कल्पना बाळगणाऱ्या माणसाच्या हातून तयार झालेले साधन असे गरिबांसाठी दार उघडण्याच्या कामी आले. पुरेसे उघडले का, हा वाद अजून चालू आहे. २०२० च्या महामारीत बहुतेक विद्यापीठांनी ही परीक्षा ऐच्छिक केली. हार्वर्डने २०२४ साली ती पुन्हा आवश्यक केली.

दरम्यान दुसरीकडे वारसाहक्काची वाट तयार झाली होती. माजी विद्यार्थ्याच्या मुलाला झुकते माप देण्याची ही पद्धत १९२० च्या दशकातच रुजली, म्हणजे ज्यूंना रोखण्याच्या त्याच काळात. तिचा लाभ पुढे कोणाला झाला? जोसेफ केनेडी हा पूर्व बोस्टनमधील एका आयरिश गुत्तेदाराचा मुलगा १९१२ साली हार्वर्डचा पदवीधर झाला, तेव्हा तेथील उच्चभ्रू क्लबांची दारे त्याला बंदच राहिली. त्याच्या मुलाने १९३५ साली हार्वर्डकडे अर्ज केला. येथे का यायचे आहे, ह्या प्रश्नाला त्याने चार-पाच वाक्यांत उत्तर दिले आणि वडील शिकले त्याच कॉलेजात जाण्याची इच्छा हे एक कारण सांगितले. शाळेतील त्याची प्रगती यथातथाच होती. प्रवेश मिळाला. तो मुलगा म्हणजे अमेरिकेचा पहिला कॅथोलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी. दोन पिढ्यांत यादीबाहेरचे यादीत आले आणि दाराची कडी आतूनही लावता येते हे शिकले.

२०१८ साली हार्वर्डवरील खटल्यात सादर झालेल्या आकड्यांनुसार, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश अर्जदारांना प्रवेश मिळत होता. इतरांत हे प्रमाण शेकडा सहाच्या जवळपास होते. हा खटला आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या बाजूने गुदरला होता आणि त्यांचीही तक्रार अशी की, गुण भरपूर असूनही 'व्यक्तिमत्त्व' ह्या रकान्यात आम्हाला कमी लेखले जाते. लोवेलच्या रकान्याची आठवण व्हावी अशीच ही तक्रार होती. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. वारसाहक्काला मात्र त्या निकालाने हात लावला नाही. २०२४ साली कॅलिफोर्निया राज्याने खाजगी विद्यापीठांतील ही पद्धत बंद करणारा कायदा केला.

एका येशूसंघीय संस्थेने मात्र ह्याच वारसाहक्काचा वेगळा अर्थ लावून पाहिला आहे. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना १ लाख १५ हजार डॉलरना विकली आणि त्या पैशातून काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडण्यासाठी वापरला. १८९३ च्या यादीत एलियटने ज्या कॉलेजला शेवटपर्यंत राहू दिले, तेच हे कॉलेज. विकली गेलेली ती माणसे कॅथोलिक होती, त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाने जाहीर केले की, त्या २७२ जणांच्या वंशजांच्या अर्जांना यापुढे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकेच वजन दिले जाईल. १८ एप्रिल २०१७ रोजी विद्यापीठाने आणि येशूसंघाने वंशजांसमोर क्षमायाचना केली. त्या दिवशी, विक्रीचा व्यवहार घडवून आणणाऱ्या फादर मलेडी ह्यांचे नाव पूर्वी ज्या इमारतीला होते, तिला आयझॅक हॉकिन्स ह्यांचे नाव देण्यात आले. विक्रीच्या कागदावर लिहिलेल्या यादीतील ते पहिले नाव होते.